मधलं पाणी

मैनाचं माहेर खालापूरच्या बाजूचं, पाताळगंगेच्या काठचं. उन्हाळ्यात तिथली नदी पोरंसुद्धा चालत ओलांडत. मासळी म्हणजे डबक्यात फडकं धरून गाळायची, बोटभर, एवढंच तिला ठाऊक. लग्न होऊन ती पोशीरच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीच्या काठावरल्या एका आगरी वाडीत आली आणि पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्यानं तिला विचारलं, "रातचं माझ्यासंगं डोहावर येशील का? खापर धरायला माणूस पायजे."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण चांगो थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. भातशेती करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्याचं सगळं कौतुक त्या डोहात होतं.

वाडीच्या वरच्या अंगाला नदी एका काळ्या कातळावर धडकून वळत होती. पाण्यानं घुसळून घुसळून कातळात रांजणासारखे खळगे पाडले होते, म्हणून त्या जागेला रांजणडोह म्हणत. वैशाखातही तो आटत नसे. त्यात खवले नावाचे मासे होते, हातभर लांब, रुपेरी. पावसाळ्यात आणि त्यानंतर भात झोडून होईपर्यंत ते कुणालाही मिळत. पण एकदा थंडी पडली आणि पाणी नितळ झालं की पागाचं जाळं टाका नाहीतर गळ टाका, हाताला शेवाळाशिवाय काही लागत नसे. लोक म्हणत, मासा झोपला. चांगोचा बाप म्हणायचा, मासा झोपत नाय. दिवसा कातळात दडतो न् रातचा फिरतो. फिरतो तो तळाला नाय आणि वरबी नाय, मधल्या पाण्यात.

एवढं सांगून बाप गेला. पुढचं चांगोनं स्वतः शोधून काढलं.

बांबूचा तराफा, त्याखाली केळीचे खांब. तराफ्याच्या मधोमध फुटक्या मडक्याचं खापर, त्यात काटक्या आणि करंजीच्या तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवायच्या. उजेड पाण्यावर पडला की आधी किडे वर येतात, त्यांच्यामागं बारीक मासळी, आणि त्या मासळीमागं खवले. पण खवला उजेडात येत नाही. जिथं उजेड सरतो आणि अंधार सुरू होतो, त्या कडेला, खोलात, तो घिरट्या घालतो. चांगोची दोरी वाखाची होती, ऐनाच्या सालीत उकळून काळी केलेली. वाव वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या, अंतरावर तिला गाठी मारलेल्या. खाली शिशाची गोळी, वर गळ, गळाला झिंगा. दोरी हळूहळू सोडत जायची. ज्या गाठीला पहिला मासा लागला, ती गाठ बोटांत धरून ठेवायची. त्या रात्री सगळा थवा तेवढ्याच खोलीवर असायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून शोध, कारण गारठा वाढला की थवा खाली उतरे आणि आभाळ आलं की वर चढे.

"आणि खवला वढत नाय," त्यानं तिला पहिल्या रात्री सांगितलं होतं. "खालनं वर येतो न् झिंगा तोंडात घेतो. दोरी ताणत नाय, उलटी हलकी व्हते. शिशाचं वजन गेल्यावानी वाटलं की समज."

पाण्यावर बोलायचं नाही, हा त्याचा नियम. खवल्याला पायाची हालचाल कळते, खोकला कळतो. मैना खापर सांभाळायची, फुंकर न घालता काटकी सारायची, आणि नवऱ्याची पाठ पाहत बसायची. दोरी तिनं कधी हातात धरली नव्हती. मूल झालं नाही. सासू सोनाबाई त्यावरून कधी टोचून बोलली नाही. पण रात्री दोघं तराफ्यावर निघाली की ती देवळीतल्या दिव्याकडे बघून हात जोडायची, तेवढं मैनाला पुरेसं होतं.

असे किती तरी हिवाळे गेले. मग गाठीचा ताप आला.

पहिल्या वर्षी तो मुंबईकडे आहे, कल्याणात आहे, असं नुसतं कानावर येत राहिलं. दुसऱ्या हिवाळ्यात वाडीत उंदीर पडले. आधी माळ्यावर, मग चुलीपुढं. चार माणसं गेली आणि सरकारी माणसांनी सगळी वाडी उठवली. नदीच्या पलीकडल्या वरकस माळजमिनीवर कारवीच्या कुडाच्या झोपड्या रांगेनं बांधल्या. घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडलं, भिंतींना चुना मारला आणि हुकूम काढला, की परवानगीशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. कणग्या भरलेल्या होत्या, पण त्या घरांत होत्या. नेरळच्या बाजाराला जाणारी वाट चौकी बसवून बंद केली. सरकारातून जोंधळ्याची पोती यायची होती. ती कधी येत, कधी येत नसत. लोकांनी कंद उकरले, मग जवळपासचे कंदही संपले.

तपासणीवाले पहाटे येत, झोपड्यांतून माणूस हलायच्या आत. डाक्तर, दोन शिपाई आणि वाडीचा बुधाजी पाटील. काखा आणि जांघा चाचपत. एकाला गाठ लागली की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांना उचलून रेल्वेपलीकडच्या रोग्यांच्या मांडवात नेत आणि झोपड्या पेटवून देत. पहिल्या रांगेतली माणसं तशीच गेली होती. त्यांतलं अजून कुणी परतलं नव्हतं.

त्या दिवसांत चांगो आणि मैना रोज रात्री डोहावर जात. मिळालेली मासळी दोघांच्या रांगेत वाटली जाई. शेजारच्या झोपडीत चंद्राबाई होती. तिचा नवरा घाटात रेल्वेच्या कामावर गेलेला तिकडेच अडकला होता, आणि ती पाच वर्षांची मुलगी कोंडी घेऊन एकटीच राहत होती. कोंडीला माशाचं डोकं आवडायचं. चांगो तिच्यासाठी एक डोकं बाजूला ठेवायचा.

माघातल्या एका संध्याकाळी चांगो झोपडीच्या कुडाला टेकून बसला तो उठलाच नाही. सोनाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावला. मग तिनं झोपडीच्या दाराला कांबळं लावलं आणि त्याला आडवं केलं. जांघेत सुपारीएवढी गाठ होती.

बाहेर चंद्राबाई कोंडीला झोपवत होती, तिचा आवाज कुडातून येत होता.

"पाटलाला सांगायचं का?" मैनानं हळूच विचारलं.

"सांगशील तर पहाटं अख्खी रांग जाईल," सोनाबाई म्हणाली. "ही पोर बी जाईल. समदी जातील." मग ती लेकाकडे वळली. "याला डोहावर न्ये. उजाडून तपासणी व्हईपत्तर आनू नको. इचारलं तर मी सांगंन, मासं माराया गेल्यात. रोजचंच हाय."

"आय, यांना उभं राहवत नाय."

"धरून न्ये. येक रात निघू दे. ताप उतरंल."

तो उतरणार नाही हे सोनाबाईलाही ठाऊक होतं. पण त्या क्षणाला तिच्यापुढं एवढंच होतं.

चांगो डोहापर्यंत चालत गेला, मैनाच्या खांद्यावर सगळा भार टाकून. तराफ्यावर निजल्यावर त्याला जरा बरं वाटलं. गार वारा होता. तो एक हात पाण्यात सोडून पडून राहिला. "अंग जळतंय गं," म्हणाला. मग म्हणाला, "खापर पेटीव."

"आज नको. गप पडून राव्हा."

"पेटीव. रिकामी गेलीस तर लोकं इचारतील."

तिनं खापर पेटवलं. त्यानं डोळे मिटूनच तिला दोरी घ्यायला सांगितली. झिंगा लावताना गळ तिच्या अंगठ्यात रुतला. चांगो आडवा पडून, थांबत थांबत, सांगत राहिला: सोड. थांब. अजून सोड. बोटं घट्ट नको, दोरी तुझ्या हातात हाय हे इसर. किती गाठी गेल्या? पुढं जा. आज गारठा हाय, खाली असतील.

गाठीमागून गाठ तिच्या बोटांतून गेली. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन होतं, एवढंसं, सारखं. खाली काळोखात ते एका जागी लटकत होतं आणि तिच्या बोटांत त्याची जाणीव होती. मग ते वजन नाहीसं झालं. कुणी ओढलं नाही, झटका नाही. नुसतं गेलं.

तिनं दोरी वर घेतली. खवला आला. उजेडात त्याची कूस चमकली.

"लागला?" चांगो म्हणाला.

"लागला."

"ती गाठ सोडू नको. आता बोलूबी नको. आलेत."

आणि खरंच आलेले होते. ती दोरी सोडायची, गाठ बोटांत यायची, क्षणभर वजन, मग ते जायचं, आणि मासा. एकामागून एक. टोपलीत धडधड होत होती. इतकी वर्षं ती खापर धरून याच्यामागं बसली होती आणि त्याच्या पाठीकडे पाहत होती. त्याला काय कळत होतं ते आज तिच्या बोटांना कळत होतं. ती ताप विसरली. गाठ विसरली. झोपड्या, शिपाई, सासू, सगळं विसरली. तिला आनंद होत होता. हे तिला पुढं जन्मभर आठवत राहिलं, की त्या वेळी तिला आनंद होत होता.

पाठीमागं पाण्यात आवाज झाला. मोठा मासा वर येऊन उलटावा तसा, फार मोठा नाही. तिला वाटलं, जाडजूड खवला असणार, थवा वर आला. तिनं मान वळवली नाही. नियम होता, हलायचं नाही. तिनं आणखी एक मासा काढला.

मग तराफा एका अंगानं उचलल्यासारखा झाला, आणि तिनं वळून पाहिलं.

चांगोची जागा रिकामी होती. कांबळं तिथंच पडलेलं होतं.

तिचं तोंड उघडलं, पण आवाज तिनं दाताखाली धरला. काठापासून थोड्याच अंतरावर तपासणीवाल्यांचा तंबू होता. ती पाण्यात उतरली. एका हातानं तराफा धरून तिनं दुसरा हात आणि पाय खाली फिरवले. पाणी इतकं गार होतं की छातीतला श्वास अडकला. तिनं डोकं खाली घातलं. डोळे उघडले तरी मिटले तरी सारखंच. असं तिनं पुन्हा पुन्हा केलं. बोटांची जाणीव गेली तेव्हा ती कशीबशी तराफ्यावर चढली आणि खापरापाशी ओणवी होऊन कापत राहिली.

एवढ्या वेळानंतर तो जिवंत नसणार, हे तिला समजलं. तिनं हात शेकले. बोटांत पुन्हा जाणीव येईपर्यंत शेकले. मग दोरी घेतली.

डोहातलं पाणी संथ दिसे, पण कातळाच्या पायथ्याशी ते खालून फिरत असे. पडलेली फांदी, सुटलेला घडा, सगळं अखेर त्या अंगाच्या खळग्यात जाऊन बसे, हे चांगोनं तिला कधीतरी दाखवलं होतं. तिनं तराफा तिकडे नेला. शिसं तळाला जाऊ दिलं. कातळावर ते टक्क करी. वाळूवर बद्द. ती उचलून पुढं टाकी, उचलून पुढं टाकी. मग एका ठिकाणी टक्कही झालं नाही आणि बद्दही झालं नाही. तिनं दोरी हळूच फिरवली. गळ चांगोच्या बंडीत अडकला.

वर येताना तो हलका होता. पाण्याच्या वर काढताना जड झाला, इतका, की तिला तराफ्यावर घेता येईना. तिनं त्याला काखेतून दोरी बांधली आणि तराफ्याला बांधून काठाला आणलं, झोपड्यांच्या नव्हे, समोरच्या, वाळूच्या दांड्याच्या काठाला. त्याला वाळूवर ठेवलं, खापरातला विस्तव राखेखाली दाबला आणि तराफा घेऊन सासूला उठवायला गेली.

सोनाबाई जागीच होती. तिनं मैनाची ओली साडी पाहिली आणि ती उठली. दोघी अंधारातून तराफ्यानं दांड्यावर आल्या. सोनाबाई लेकाजवळ बसली, त्याचं तोंड पदरानं पुसलं, केस मागं सारले.

"पाटलाला कळीवलं तर पंचनामा व्हईल," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "डाक्तर बघंल. गाठ दिसंल."

"मग काय करू आय?"

"बुडाला म्हनायचं. गावला नाय म्हनायचं."

त्यांनी हातांनी आणि तराफ्याच्या बांबूनं वाळू उकरली. खालची वाळू ओली होती, कडेनं ढासळत होती. कमरेइतकं खोल झालं तेव्हा दोघींनी त्याला आत ठेवला. आगरी माणसाला अग्नी लागतो. चिता पेटवली तर तंबूतून दिसली असती. सोनाबाईनं खापरातला एक निखारा दोन काड्यांत धरून आणला आणि लेकाच्या ओठांना लावला. "एवढ्यावर जा रं बाबा," ती म्हणाली. मग त्यांनी वाळू लोटली आणि वर गोटे रचले, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून.

परतताना सोनाबाई तराफ्यापाशी थांबली. टोपलीत मासे होते. काही अजून तोंडं हलवत होते.

"हे टाकून द्यू का?" मैना म्हणाली.

"टाकू नको. लोकं उपाशी हायत."

सकाळी सोनाबाईनं बुधाजी पाटलाला सांगितलं, मुलगा रातचा पाण्यात पडला. पाटलानं दोन माणसं लावून दिवसभर डोहात लोखंडी काटे फिरवले. पाण्याची खोली पाहून शिपाई कंटाळले. 'बुडाला, सापडला नाही' असं ठरलं. डाक्तरनं दोघी बायकांना चाचपून पाहिलं, काही नव्हतं. रांग वाचली.

पण मासे कुणी घेईना. माणूस ज्या डोहात पडून आहे त्या डोहातला मासा माणूस खात नाही. मैना टोपली घेऊन एकेका झोपडीपुढं गेली. बायकांनी तिच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि टोपलीकडे पाहिलं नाही. एका म्हाताऱ्यानं स्पष्टच सांगितलं, "पोरी, राग मानू नको. त्या माशांनी काय खाल्लं असंल ते आमाला खायचं नाय."

काहीही खाल्लं नव्हतं. तो वाळूत होता, गोट्यांखाली, अख्खा. हे तिला सांगता येत नव्हतं. एक वाक्य बोलली असती तर सगळ्या रांगेला खायला मिळालं असतं, आणि त्याच वाक्यानं सगळी रांग मांडवात गेली असती. पहिल्या दिवशीची मासळी नासली. सोनाबाईनं ती पुरून टाकली.

जोंधळा आला नाही. मैना दुसऱ्या रात्री पुन्हा डोहावर गेली. खापर एकटीनं पेटवलं, दोरी एकटीनं सोडली, थवा शोधला. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, नवऱ्याला शोधतेय, शोधू द्या. ती मासे आणून रांगेच्या टोकाला दगडावर ठेवायची आणि झोपडीत जाऊन पडायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चंद्राबाई आली. दगडापाशी उभी राहिली. कोंडी तिच्या कडेवर होती, मान टाकून.

"पोर भुकेनं मरंल," ती कुणाला तरी सांगावं तसं मोठ्यानं म्हणाली. "त्यापरीस पाप बरं." तिनं दोन मासे उचलले.

त्या संध्याकाळी तिच्या झोपडीतून कालवणाचा वास आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मग सगळे. घेताना कुणी मैनाकडे बघत नसे, आणि खाताना दारं लावून घेत. पण रांग जगली. मैनानं मात्र स्वतः मासा तोंडात घातला नाही. सोनाबाईनं एकदा तिच्यापुढं ताट ठेवलं, तिनं मागं सारलं. "मला सगळं म्हाईत हाय आय," ती म्हणाली, "पन घास उतरत नाय."

पुढं थोड्याच दिवसांनी कोंडीला ताप भरला. पहाटेच्या तपासणीआधीच ती गेली. गाठ बाहेर यायलाही वेळ मिळाला नाही. बुधाजी पाटलानं डाक्तरला सांगितलं की पोर भुकेनं गेली, आणि डाक्तरनं, बहुधा दमलेला असल्यामुळं, ते मानलं.

चंद्राबाई रडली नाही. झोपडीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. बायका आत जात, पाणी ठेवत, बाहेर येत. ती एकच म्हणत होती: मी तिला मढ्याचं खाऊ घातलं. देवानं हात धरून सांगितलं व्हतं, खाऊ नको, आणि मी घातलं. हे तिनं इतक्यांदा म्हटलं की कुडापलीकडे बसलेल्या मैनाला ते शब्द श्वासासारखे ऐकू येऊ लागले.

सोनाबाईनं सुनेचा चेहरा पाहिला आणि तिचं मनगट धरलं. "बोलू नको," ती म्हणाली. "आता बोलून पोर परत यायची नाय."

"पोर नाय यायची," मैना म्हणाली. "पन ती बाई जिती हाय."

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि शेजारच्या झोपडीत गेली. चंद्राबाईसमोर बसली.

"चंद्राबाय, माझं ऐक. माझा मानूस डोहात नाय. कधीच नव्हता. त्याच रातीला मी त्याला काढला. पलीकडं वाळूत पुरलाय, मी न् आयनं. मासं चोख व्हतं. तू पोरीला काय बी वाईट खाऊ घातलं नाय."

चंद्राबाईनं तोंड वळवलं. बराच वेळ तिला अर्थ लागेना. मग लागला.

"मग पुरलात का?" ती म्हणाली. "पाटलापासनं का लपीवलं?"

मैना गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण अर्धंच सांगायला ती आली नव्हती.

"त्याला गाठ व्हती," ती म्हणाली.

चंद्राबाईनं कुडाकडे पाहिलं. दोन्ही झोपड्यांमधे एकच कूड होता, कारवीचा, वर शेणाचा पातळ लेप. त्या कुडाला टेकून चांगो बसला होता आणि पलीकडून कोंडी त्याला हाका मारायची. हे दोघींनाही दिसत होतं.

"सांगितलं असतंस," चंद्राबाई हळू म्हणाली, "तर मी पोरीला घेऊन रानात गेली असती."

"व्हय."

"नायतर आमी समदी मांडवात जाऊन मेलो असतो."

"व्हय. तसंबी."

"कोन्तं खरं?"

"मला म्हाईत नाय," मैना म्हणाली.

चंद्राबाईनं तिला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. "जा," एवढंच म्हणाली. त्या दिवसानंतर 'मढ्याचं खाऊ घातलं' हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. आणि तिनं मैनाशी बोलणं टाकलं. पाटलाकडेही ती गेली नाही. पुढं वाडीत जे कळलं ते तिच्याकडून नव्हे. सोनाबाईनंच मरताना, पुष्कळ वर्षांनी, लेकाला अग्नी दिला नाही म्हणून बडबडत सगळं सांगून टाकलं. तोवर त्याबद्दल शिक्षा करणारं कुणी उरलं नव्हतं.

चैत्रात उन्हं वाढली तसा ताप ओसरला. लोक घरांवर कौलं चढवून परतले. कणग्यांमधलं निम्मं भात उंदरांनी खाल्लेलं होतं. आषाढात नदीला मोठं पाणी आलं आणि वाळूचा दांडा बुडाला. सोनाबाई छपराच्या पागोळ्यांखाली उभी राहून तिकडे बघत होती. पाणी उतरल्यावर दोघी जाऊन आल्या. गोटे नव्हते, दांडाच नव्हता. नदीनं तो उचलून खालच्या वळणाला नेऊन टाकला होता.

मैनाला माहेरचे लोक न्यायला आले, दुसरं घर करून देतो म्हणाले. ती गेली नाही. सासूला कोण होतं? दिवसा ती दुसऱ्यांच्या खाचरांत राबायची आणि थंडी पडली की रात्री डोहावर जायची. वाडीतल्या कुणाच्या घरी बाळंतीण असली, कुणी दुखण्यातून उठलं असलं, की लोक तिला सांगून ठेवत. ऐन पौषात ताजा मासा दुसऱ्या कुणाला मिळत नव्हता. किती जणांनी तिच्या मागं जाऊन पाहिलं, दोरीला तशाच गाठी मारल्या. पण ते ओढ लागायची वाट बघत बसत, आणि झिंगा जाऊन नुसता गळ वर येई. ती कुणाला सांगत नसे असं नाही. सांगायची. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटे.

मासा तिनं स्वतः पुन्हा कधीच खाल्ला नाही.

काही वर्षांनी चंद्राबाईला मुलगा झाला. नवरा घाटातून परत आला होता, घर पुन्हा उभं राहिलं होतं. बाळंतपण अवघड गेलं, बाई पिवळी पडली. त्या घरातून मैनाला सांगावा आला नाही. तरी ती त्या रात्री डोहावर गेली. आभाळ आलेलं होतं, थवा वर असणार हे तिला ठाऊक होतं. एक चांगला खवला मिळाल्याबरोबर तिनं खापर विझवलं, घरी येऊन मासा साफ केला, पितळेच्या वाडग्यात ठेवला, वर पान झाकलं आणि उजाडायच्या आत चंद्राबाईच्या ओट्यावर ठेवून आली.

दिवसभर तिनं तिकडे पाहिलं नाही. संध्याकाळी शेतावरून आली तेव्हा वाडगा तिच्या उंबऱ्यावर होता. रिकामा. शेजाऱ्याचं भांडं आपल्यात कुणी रिकामं परत करत नाही. मूठभर तांदूळ, मिठाचा खडा, काहीतरी घालतात. सोनाबाईला ते लागलं. "एवढी बी माया नाय बाईला," ती म्हणाली.

मैनानं वाडगा उचलून पाहिला. राखेनं घासलेला होता, कडेपर्यंत लख्ख. तिनं तो नाकाशी नेला. माशाचा वास येत नव्हता.

"खाल्ला तिनं. टाकला असता तर वाडगा येवढा घासला नसता," ती म्हणाली, आणि वाडगा फळीवर ठेवून चूल पेटवायला बसली.